काकडीचा उपास

काल रात्री दहा वाजता हॉलचा लाइट घालवून मी काकडीचा काप काट्याला टोचून माशांच्या टँकमध्ये सोडत होतो आणि नेमके तेव्हाच वरच्या मजल्यावरचे काका 'तुमच्याकडे पाणी येतंय का' विचारायला आले.

"माशांचा आज उपास का रे?"

आता काय सांगणार. दीड महिन्यापूर्वी टँकमध्ये लावायला ८० रुपयांचं एक झाड आणलं, त्याच्या पानाखाली जेलीचा बारीक थेंब होता, मला वाटलं पाणी असेल. आज माझ्या दोन फुटी टँकमध्ये गप्पी ९ आणि गोगलगायी मोजता येणार नाहीत इतक्या. गोगलगाय पोटात पाय म्हणे! ज्याने ही म्हण काढली त्याने पोटात अंडी पण असतात हे सांगायला नको? आणि जोडीदार लागतो असंही नाही, एकटीने सुद्धा भागतं तिचं.

काकांना म्हटलं, गोगलगायी पकडतोय, रात्रीत काकडीला चिकटतात, सकाळी काप उचलायचा.

"बिचाऱ्या! तुझं काय खातात?" असं म्हणत काकांनी उरलेली काकडी उचलली आणि मीठ मागितलं.

"तांब्याचा तांब्या सोड आत. आम्ही रोज त्यातलंच पितो, सगळे जंतू खलास."

"काका, तांब्याने गोगलगायी मरतील पण आत श्रिंप आहेत, ते पण मरतील. आणि सगळ्या एकदम मेल्या तर सडून अमोनिया होतो, मग मासेही जातात."

"श्रिंप म्हणजे कोळंबी?" काका काचेला नाक लावून बराच वेळ बघत राहिले. "एवढुशी? याचं कालवण कसं होणार?"

मग मोबाइलचा टॉर्च लावून त्यांनी मोजायला घेतलं. सतरा, अठरा, एकोणीस, थांब, ही मघाशी मोजली का? मी म्हटलं काका ती चालतेय. "मग तिला सांग ना थांबायला." पुन्हा एकपासून. काकडी संपली, पाण्याचं कोणालाच आठवेना, आणि जाताना काका नातवासाठी दोन गोगलगायी जॅमच्या बरणीत घेऊन गेले. मी म्हणत होतो वीस न्या, तर म्हणे नको, उगाच पसारा होतो.

सकाळी कापावर मोजून सहा. बाकीच्या काचेवर निवांत.

तसाच दुकानात गेलो. दुकानदार म्हणतो, "साहेब, तुम्ही खायला जास्त घालता, म्हणून वाढतात." खरंय ते, उरलेल्या खाण्यावरच पोसतात त्या. पण आणल्या कोणी? झाड आधी तुरटीच्या पाण्यात बुडवून ठेवायचं असतं हे ८० रुपये घेताना सांगायला तोंडाला काय झालं होतं? वर मलाच दुसऱ्या टँककडे नेऊन दाखवतो, पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची असॅसिन गोगलगाय, गोगलगायीच खाते, एक ६० रुपयांना. म्हणजे हा फुकट घुसवणार आणि काढायचे पैसे पण यालाच द्यायचे. तीन घेतल्या, काय करता.

घरी येऊन पिशवी टँकच्या पाण्यावर तरंगत ठेवतोय तोच काकांचा फोन.

"अरे, काल तू दोनच दिल्या होत्यास ना? मग बरणीत ही तिसरी कुठून आली?"