माधुरी, सुंदर आणि तुक्याचा ऊस

सुकुमार शिरोळचा. नांदणीच्या जैन मठातली माधुरी हत्तीण परत द्या म्हणून 3 ऑगस्ट 2025 ला नांदणीहून कोल्हापूरच्या कलेक्टर कचेरीवर मूक पदयात्रा आली, तिच्यात तो पायाला फोड येईपर्यंत चालला होता. हत्तीण अंबानींच्या जामनगरच्या वनतारा प्राणी केंद्रात नेली, म्हणून जिओचं कार्डही त्याच आठवड्यात बदललं. त्यामुळं रंकाळ्यावरच्या आमच्या कट्ट्यावर हत्तीचा विषय निघाला की पहिलं वाक्य त्याचं, आणि शेवटचंही त्यालाच पाहिजे असतं. परवा मात्र सुरुवात अस्लमनं केली. तो जनावरांचा डॉक्टर, बोलतो कमी आणि बोलला की झोंबतं.

“सुक्या, तुम्ही सगळे माधुरीसाठी चाललात. माधुरी स्वतः किती चालायची रोज?”

“हे बघ, लेक हाय ती आमची,” सुकुमार तापलाच. “पस्तीस-छत्तीस वर्षांची. मठात बारकी हुती तवापासनं. नांदणीत पंचकल्याणक पूजेचा सोहळा तिच्याबिगर हुईत न्हाई. आन् ह्यांनी उचलून जामनगरला न्हेली.”

“उचलून न्हाई न्हेली. जुलैच्या मध्याला हायकोर्टाचा निकाल, 28 तारखेला सुप्रीम कोर्टाचा. पूजेसाठी हत्ती वापरायचा माणसाचा हक्क खाली, तिचा नीट जगण्याचा हक्क वर, असा त्याचा मतलब.”

“कोर्टाला काय कळतंय तिची माया?”

“माया न्हाई कळत. पाय कळतात.”

मग अस्लम पायांवर आला, आणि कट्ट्यावर इतका वेळ दुसऱ्या कुणाला कुणी बोलू दिलेलं मला आठवत नाही. हत्तीचा तळवा मऊ जमिनीसाठी असतो. फरशीवर, साखळीत, आपल्याच मुतात आणि लिदीत उभं राहिलं की तळवा कुजायला लागतो. नखं झिजत नाहीत, वाढतात, फाटतात. सांधे जातात. तीन-चार टनांचं जनावर; एक पाय दुखला म्हणून तीन पायांवर किती दिवस काढणार? जंगलात ते सोळा-सतरा तास चरत फिरतं, म्हणजे खाणं आणि चालणं त्याला एकच काम असतं. आपण खाणं पुढ्यात आणून टाकतो आणि चालणं काढून घेतो. “आणि ती मादी हाय. मादी जन्मभर कळपात राहती. आई, मावशा, बहिणी. तुझ्या लेकीला दुसरी हत्तीण कधी दिसली?”

सुकुमारनं चहा ढवळला, जो आधीच ढवळलेला होता. “मग वनतारा काय जंगल हाय? तारेचं कुंपणच की. अंबानीचा हत्ती चालतो, मठाचा चालत न्हाई?”

हा मुद्दा खोटा नाही. गुजरातच्या जंगलात हत्ती नाहीत. जामनगरात आता दोनशेच्या वर आहेत, एकाच घराण्याच्या पैशावर. माझं मत त्याच्या बाजूनं थोडं झुकलं. पण जन्मभर माणसांत राहिलेली हत्तीण दांडेलीच्या रानात सोडून देता येत नाही, हेही खरं. तिच्यासाठी सुटका उरलेलीच नाही. प्रश्न एवढाच की कुठल्या कैदेत पाय बरे होतील आणि शेजारी दुसरी हत्तीण असेल.

“ज्योतिबाचा सुंदर आठवतो का?” मी विचारलं. 2007 साली एका आमदारानं देवाला वाहिलेला. पुढं माहुताच्या माराचा व्हिडिओ बाहेर आला, कोर्टबाजी झाली, आणि 2014 ला त्याला बंगळूरजवळ बन्नेरघट्ट्याला नेलं. त्याच्यासाठी एवढी माणसं रस्त्यावर उतरली नव्हती. सुकुमार म्हणाला, “तवा आम्ही लहान हुतो.” लहान कसला, लग्न ठरलं होतं याचं.

तुका इतका वेळ गप्प होता. तो चंदगडचा. “तुमची प्रेमं ऐकून घेतली. आमच्याकडं या एकदा. तिलारीकडनं टोळी उतरली की एका रात्रीत उसाचा फड आडवा. पंचनाम्याला चार हेलपाटे. नांदणीची हत्तीण परत द्या म्हणून ज्यांनी सह्या दिल्या, तेच आमचा हत्ती पकडून न्या म्हणत्यात.”

“पकडून काय झालं ते माहिती हाय नव्हं?” अस्लम म्हणाला. 2015 मध्ये सिंधुदुर्गातल्या माणगाव खोऱ्यात तीन रानहत्ती पकडले, माणसाळवायला ठेवले. त्यातले दोन मेले.

एकाच जिल्ह्यात एक हत्ती देव आणि दुसरा दरोडेखोर, हे तुक्याला हसण्यावारी नेता येतं, मला जमत नाही.

कोल्हापूरला हा नाद जुना आहे. साठमारी नावाची जागा शहरात अजून आहे; शाहू महाराजांना हत्तीच्या साठमारीचा, म्हणजे चवताळलेल्या हत्तीशी माणसांच्या झुंजीचा, शौक होता आणि शिकारीसाठी पाळलेले चित्तेही त्यांच्या पदरी होते. त्या चित्त्यांची गोष्ट मला हत्तीपेक्षा जास्त खटकते. त्या काळी चित्ता कैदेत सहसा विणत नसे. म्हणजे संस्थानांतला जवळजवळ प्रत्येक चित्ता रानातून धरलेला. आपल्याकडचे संपत आले तसे आफ्रिकेतून आणवले, आणि 1952 ला सरकारनं चित्ता देशातून संपल्याचं जाहीर केलं. माळरानं गेली आणि शिकार झाली हे खरंच, पण चित्तेखान्यांचा वाटाही लहान नव्हता. हत्तीचंही फार वेगळं नाही. गाभण बावीस महिने, वर हत्तीण बहुधा एकटी. मठ-देवळांत पिढ्यान्‌पिढ्या जे हत्ती दिसले, त्यांतले बहुतेक कुठल्या तरी कळपातून धरलेले.

म्हणून मी सुकुमारला सरळ विचारलं. “समज, माधुरी आली परत. नांदणीतच चांगली जागा केली, तळं, माती, डॉक्टर, सगळं. वनतारावाल्यांनीच तसं देऊ केलंय. सुखानं म्हातारी झाली, गेली. मग पुढचं पंचकल्याणक. दुसरं पिल्लू आणणार?”

“तसं का विचारतोस?”

“आणणार का न्हाई?”

“पिल्लू कुठनं आणणार?” तो म्हणाला, आणि स्वतःच अस्लमकडं बघितलं. अस्लमनं काही सांगितलं नाही. “न्हाई आणणार. नवीन न्हाई. पण ही आमची हाय, ही पायजे.”

“हे मठात सांगशील?” तुका.

“तू आधी तुझ्या ऊसवाल्यांना सांग, पकडून न्या म्हणू नका म्हणून.”

“मी सांगतो की. नुकसानभरपाई वेळेत दे म्हणावं फॉरेस्टला, मग सांगतो.”

आणि मग फॉरेस्टवर गाडी घसरली. चहाचे पैसे नेहमीप्रमाणं अस्लमनंच दिले.