कमी घासा म्हणजे आळस करा नव्हे

नमस्कार. प्रतिक्रिया खरमरीत आहे, पण मुद्द्याची आहे. तुमचा आक्षेप थोडक्यात असा: ‘रायफलची बॅरल (नळी) साफ करताना कमी घासा’ हा माझ्या लेखातला सल्ला आळशांना मोकळं रान देतो. जुने सैनिक तर नळीत उकळतं पाणी ओतायचे, ते काय वेडे होते?

वेडे नव्हते. पाण्याचा मुद्दा माझ्या लेखात राहूनच गेला, ही चूक कबूल. जुन्या काडतुसांच्या प्रायमरमध्ये, म्हणजे ठिणगी पाडून दारू पेटवणाऱ्या बुडाच्या टोपीत, पोटॅशियम क्लोरेट असे. ते जळलं की नळीत पोटॅशियम क्लोराइड उरतं, म्हणजे मिठाचं भावंडच. ते हवेतली ओल ओढून घेतं आणि पोलादाला गंज चढतो. तेलात ते विरघळत नाही, पाण्यात विरघळतं. म्हणून ली-एनफिल्ड या जुन्या ब्रिटिश लष्करी रायफलच्या नळीत चेंबरच्या (काडतूस बसतं त्या मागच्या) बाजूने नरसाळं लावून पाणी ओतत. मीठ वाहून जाई, तापलेली नळी लवकर सुके, मग तेलाचा हात. तसली जुनी काडतुसं आजही कुणी झाडत असेल, तर त्याने आधी पाणीच वापरावं. हल्लीच्या बहुतेक काडतुसांत मात्र हा प्रायमर नसतो.

पण त्याच सैनिकांचा पुल-थ्रूही आठवा, म्हणजे चिंधी बांधून नळीतून ओढायची दोरी. दोरी तिरकी ओढली की ती नळीच्या तोंडाशी घासते. त्यात धूळ चिकटलेली असली तर दोरीची कानस होते आणि विहिरीच्या काठावर दोराने पडावी तशी खाच पडते. गोळीचा नळीशी शेवटचा स्पर्श तिथेच. एका बाजूने वायू आधी निसटला की गोळी भरकटलीच. माझं भांडण घासण्याशी नाही, तोंडाकडून रॉड खुपसण्याशी आहे. बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा सरकता दांडा) काढता येत असेल तर मागून, बोअर गाइड (रॉड सरळ ठेवणारी नळी) लावून, अखंड रॉड घाला. ब्रश पूर्ण बाहेर येऊ द्या, नळीच्या मध्येच दिशा बदलू नका. (बंदूक रिकामी आहे ना, हे आधी बघायचं, ते वेगळं सांगत नाही.)

आता तुमचा निळा पॅच, म्हणजे नळीतून फिरवलेला सॉल्व्हंटचा कापडी तुकडा. तासभर घासूनही तो निळाच येतो, म्हणजे तांबं अजून आहे, असं तुम्ही लिहिता. तुमचा जॅग (रॉडच्या टोकाला पॅच धरणारा तुकडा) पितळेचा आहे का? अमोनियाचं सॉल्व्हंट (द्रावक) तांबं विरघळवतं आणि त्यानेच पॅच निळा होतो. ते गोळीच्या आवरणातलं की जॅगमधलं, हे त्याला काय ठाऊक! ब्रॉन्झच्या ब्रशचंही तेच, म्हणून काम झालं की ब्रश धुऊन ठेवायचा.

पॉइंट टू-टूमध्ये (०.२२ इंची छोट्या काडतुसाच्या रायफलीत) साधी शिशाची गोळी असेल तर तांब्याचा प्रश्नच नाही. उलट नळी लख्ख केल्यावर पहिल्या काही गोळ्या इकडेतिकडे जातात, हा पुष्कळ नेमबाजांचा अनुभव आहे.

निकेलचा मुलामा असलेला किंवा प्लास्टिकचा जॅग लावून बघा आणि पॅचचा रंग इथेच कळवा. तरीही निळा आला, तर तुमची नळी खरंच घाण आहे आणि तासभर घासण्याबद्दल मी तुम्हाला उगाच बोललो, असं समजेन.