मेंदूच्या स्कॅनमध्ये विचार दिसत नाहीत

शिमग्यापासून आमच्या रत्नागिरीतल्या पालकांच्या ग्रुपवर एक मजकूर फिरतोय: "मेंदूच्या स्कॅनमध्ये आता विचार दिसतात. खोटं बोललेलं यंत्र पकडतं, कोर्टही ते मानतं. मुलाचं ब्रेन मॅपिंग करा आणि करिअर ठरवा." दहावीचा निकाल तोंडावर आलाय, लोक पैसे भरायला निघालेत. म्हणून लिहितोय.

"विचार दिसतात." दिसतो तो रक्ताचा फरक. एफएमआरआय, म्हणजे मेंदू काम करत असताना त्याची चित्रं काढणारं स्कॅन, चेतापेशींचं काम थेट मोजत नाही. मेंदूचा जो भाग काम करतो तिथे ऑक्सिजन असलेलं रक्त जास्त येतं, तेवढंच टिपतं. हा ओघ भरात यायला 5-6 सेकंद लागतात. पेशींचा व्यवहार तोवर कधीच उरकलेला असतो. चित्रातला एकेक ठिपका म्हणजे साधारण 3 मिलिमीटरचा ठोकळा, त्यात लाखो पेशी. मिरकरवाड्याच्या जेटीवरून रात्री ट्रॉलरचे दिवे दिसतात, म्हणून तांडेल खलाशांना काय सांगतोय ते कळतं का?

शिवाय स्कॅनच्या चित्रातले लाल-पिवळे रंग आकडेमोड करून भरलेले असतात. 2009 साली अमेरिकेत क्रेग बेनेट आणि सहकाऱ्यांनी एक मेलेला सामन मासा यंत्रात ठेवून त्याला माणसांचे फोटो दाखवले. हजारो ठोकळे एकेक करून तपासले की काही निव्वळ योगायोगाने उजळतात. तसे त्या माशाच्या मेंदूतही उजळले! गणितातली आवश्यक दुरुस्ती केल्यावर ते ठिपके गेले. मला हा प्रयोग फार मोलाचा वाटतो, कारण संशोधकांनी आपल्याच क्षेत्रातली चूक चव्हाट्यावर मांडली.

"कोर्ट मानतं." नाही. सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये सांगितलं, की नार्को (औषधाने गुंगीत नेऊन केलेली चौकशी), पॉलिग्राफ (खोटं पकडण्याचं यंत्र), ब्रेन मॅपिंग कुणावरही सक्तीने करता येणार नाही. संमतीने केलं तरी चाचणीचा निकाल हा पुरावा ठरत नाही.

"करिअर ठरवा." ब्रेन मॅपिंग म्हणून डोक्याला तारा लावून करतात तो ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरींची नोंद. त्यात लहरींची वेळ अचूक कळते, पण कवटीमुळे जागा धूसर होते. गणपतीत शेजारच्या घरातली आरती भिंतीपलीकडून ऐकावी, तसं. झांजांचा ताल कळतो, कोण कुठला शब्द चुकला ते नाही. त्या लहरींवरून मूल इंजिनिअर होईल की आंब्याची बाग सांभाळेल, हे कुणालाही सांगता येत नाही.

मुलाला फीट येत असेल आणि डॉक्टरांनी ईईजी सांगितला, तर मात्र तो जरूर करा. तिथे त्याच लहरी खरोखर कामाला येतात.