थांब, माझ्या बाळाला तीट लावते

आषाढीच्या आदल्या रात्री साडेनऊ वाजता मी आईच्या टॅबलेटवर 'आता इन्स्टॉल करा' हे बटण दाबलं. 

त्याआधी पंधरा दिवस तो टॅबलेट रोज रात्री एकच प्रश्न विचारत होता. अपडेट आता करू, की आज रात्री करू? 'करूच नकोस' हे तिसरं उत्तर त्याच्याकडे नाही. 'नंतर आठवण करा' अशी बारीक अक्षरातली एक पळवाट आहे, पण ती म्हणजे गणपतीच्या वर्गणीला आलेल्या पोरांना 'बाबा घरी नाहीत' सांगण्यासारखं. पोरं जातात आणि बाबा घरी असताना बरोबर परत येतात. मी पंधरा दिवस बाबा घरी नाहीत असंच सांगत होतो. आईला ते बघवत नव्हतं.

"अरे, ते बिचारं रोज विचारतंय. एकदा हो म्हण की त्याला. दारात आलेल्याला असं परत पाठवू नये."

त्यात दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या भजनी मंडळाचा कार्यक्रम. अधूनमधून बायकांच्या घशाला विश्रांती म्हणून टॅबलेटवरचे अभंग लावायचे असं ठरलेलं. मी म्हटलं, ऐन भजनात मध्येच ती खिडकी उघडायची, त्यापेक्षा आज उरकून टाकू.

तर बटण दाबलं आणि पहिलंच उत्तर आलं : जागा नाही. टॅबलेट १६ जीबीचा. आता हे १६ म्हणजे बिल्डरच्या जाहिरातीतलं सुपर बिल्टअप. विकणारे हजाराच्या हिशेबाने मोजतात, यंत्र १०२४ च्या, त्यामुळे उंबऱ्यातच १६ चे पंधराच्या आत येतात. त्यातून यंत्राची स्वतःची सिस्टीम आपलं बिऱ्हाड मांडते. कार्पेट एरिया म्हणून जे उरतं त्यात आईचे अभंग आणि नातेवाइकांच्या ग्रुपवरचे 'शुभ सकाळ'. मी शुभ सकाळ पुसायला बसलो. आई शेजारी बसून एकेक वाचवत होती. "तो गुलाबवाला राहू दे. आणि तो दवबिंदूंचा. तो तुझ्या मावशीने पाठवलाय, तिला काय वाटेल?" मावशीला कळणार कसं, हे विचारायचं मी धाडस केलं नाही.

जागा झाली. मग बॅटरी निम्म्याच्या वर हवी. ती ४३ टक्के. चार्जर भाच्याच्या दप्तरात सापडला. आणि मग सुरू झाली ती लहानपणी ऐकलेली चिमणी-कावळ्याची गोष्ट. मी बाहेर पावसात उभा, चिऊताई चिऊताई दार उघड. आतून टॅबलेट म्हणतो, थांब, डाउनलोड करतो. चिऊताई चिऊताई दार उघड. थांब, अपडेटची तयारी करतो. थांब, पडताळून पाहतो. थांब, माझ्या बाळाला तीट लावतो. पडद्यावर एक बारीक पांढरी रेघ. ती तीन चतुर्थांश येऊन थांबली आणि तिथेच वीस मिनिटं उभी राहिली. उरलेला वेळ आधी 'एक तास', मग 'चार मिनिटं', मग पुन्हा 'एक तास'. एसटी स्टँडवरच्या चौकशी खिडकीत यापेक्षा ठाम उत्तर मिळतं.

सव्वाअकराला दार उघडलं. सगळं जागच्या जागी होतं, फक्त जागा बदललेली. गाण्यांचं चिन्ह केशरी होतं ते जांभळं झालं. आई म्हणाली, "हा आपला नाही." पासवर्ड टाकला, अटी मान्य केल्या (त्या अटींत मी काय काय मान्य केलंय देव जाणे), आणि अभंग वाजला. इथे मी झोपायला जायला हवं होतं.

पण मंडळातल्या एकीने एक नवा अभंग मला फोनवर पाठवला होता, तोही त्यात हवा होता. एकच गाणं. मी टॅबलेट माझ्या नव्या लॅपटॉपला जोडला, सिंक करणारा प्रोग्रॅम उघडला, आणि त्याने विचारलं : हा टॅबलेट दुसऱ्या संगणकाशी जोडलेला आहे. पुसून सिंक करायचं का? मला वाटलं, जोडणी पुसणार असेल. रात्रीचे पावणेबारा वाजले होते. मी हो म्हटलं.

सिंक या शब्दाने माझी कायमची फसगत केली आहे. मला वाटायचं, सिंक म्हणजे देवाणघेवाण, शेजारणी वाट्या बदलतात तशी. तुझी आमटी मला, माझं भरीत तुला. या प्रोग्रॅमच्या लेखी मात्र संगणक मालक आणि टॅबलेट भाडेकरू. मालकाच्या घरात जे नाही, ते भाडेकरूच्या घरातही असता कामा नये. माझ्या नव्या लॅपटॉपवर होतं काय? इंग्रजी संभाषणाचा धडा चौदावा आणि भावाच्या लग्नाच्या वरातीतली दोन गाणी. अर्ध्या मिनिटात आईच्या टॅबलेटवर तेवढंच उरलं.

गेलं काय, ते सांगतो. घरातल्या कॅसेट मी एका पावसाळ्यात संगणकावर चढवल्या होत्या. कॅसेटला घाई चालत नाही. ९० मिनिटांची कॅसेट चढवायला ९० मिनिटंच लागतात, आणि मध्ये उठून बाजू बदलावी लागते. मग प्रत्येक गाण्याला नाव, गायक. मराठीत लिहिलं की जुन्या यंत्रात त्याची प्रश्नचिन्हं व्हायची, म्हणून इंग्रजी अक्षरांत. त्यात मी एकदा 'भीमसेन जोशी' लिहिलं, एकदा 'पंडित', एकदा 'पं.' आणि एकदा आडनाव आधी. टॅबलेटच्या हिशेबाने ते चार वेगवेगळे गायक होते. या चौघांपेक्षा जास्त गाणी 'अननोन आर्टिस्ट' या एकाच इसमाच्या नावावर. एका कॅसेटमध्ये मंडळाचंच जुनं रेकॉर्डिंग होतं, आमच्याच स्वयंपाकघराशेजारी केलेलं. त्यात तिसऱ्या कडव्यानंतर कुकरची शिट्टी होते. आई त्या जागेला आजही गाताना क्षणभर थांबते.

गाणी जुन्या संगणकात होती. माळ्यावरून तो काढला, जोडला, तो चक्क सुरू झाला. टॅबलेट लावला. प्रोग्रॅम म्हणाला, या टॅबलेटशी बोलायला माझी नवी आवृत्ती लागेल. नवी आवृत्ती म्हणाली, हा संगणक फार जुना आहे, मी इथे राहणार नाही. म्हणजे सकाळपर्यंत बोलत असलेले दोघे एका अपडेटने अबोल्यावर गेले होते. कावळ्याचं घर होतं शेणाचं, हे मला रात्री दीड वाजता नीट समजलं.

सकाळी साडेसातला रिक्षात मी, मांडीवर सीपीयू, पायांशी मॉनिटर, आईच्या हातात कीबोर्ड आणि स्पीकर पिशवीत. रिक्षावाल्याने आरशातून दोनदा बघितलं. मंदिराच्या सभामंडपात ते धूड विठोबाच्या उजव्या बाजूला मांडलं. आल्याआल्या एका काकूंनी विचारलं, "हा नवीन घेतला का रे टॅबलेट? केवढा मोठा आला!" दुसरीने सीपीयूवर तुळशीचं पान ठेवलं. अभंग लागले. शिट्टीच्या जागेला सगळ्या जणी थांबल्या.

दुपारी घरी आलो तर टॅबलेट टेबलावर नव्हता. आईने तो चार्जिंगला लावला होता.

"पुन्हा विचारत होतं ते," आई म्हणाली. "कालच्यात काहीतरी चुका राहिल्यात म्हणे, त्या दुरुस्त करायच्यात. तू झोपला होतास. मी सांगितलं, आज रात्री ये."