माझा काल्पनिक भाडेकरू

घर माझं, कर्ज माझं, गळकं छतही माझंच. तरीही घरपट्टीच्या बिलानुसार आमच्याकडे एक भाडेकरू राहतो. तो कधी दिसत नाही, जिन्यात भेटत नाही, भाड्यापोटी छदामही देत नाही. पण हे घर त्याला दिलं असतं तर वर्षाला किती भाडं आलं असतं, याचा हिशेब कार्यालयात चोख आहे. त्याचं नाव वार्षिक भाडेमूल्य. त्यातून दुरुस्तीपोटी थोडी वजावट (काही ठिकाणी १० टक्के), उरतं ते करयोग्य मूल्य, आणि त्यावर कर. थोडक्यात, न मिळालेल्या भाड्याची पट्टी मी इमानेइतबारे भरतो.

"अहो, मग त्याला काढून टाका की," बायको म्हणाली. सल्ला व्यवहारी होता, म्हणून तो खिडकीवर मांडला. कारकुनाने चष्म्यावरून पाहिलं. "काका, तो कागदावर राहतो. कागदावरून कुणाला काढायचं तर अर्ज लागतो."

काही शहरांनी या भाडेकरूला निरोप देऊन बाजारभावावर आकारणी सुरू केली. तिथे भाडेकरूच्या जागी काल्पनिक गिऱ्हाईक आलं, एवढाच फरक. खरं गिऱ्हाईक घरात पाऊल टाकतं तेच भिंतीची ओल हुंगत. हे मात्र क्षेत्रफळ, बांधकामाचा प्रकार, इमारतीचं वय आणि वापर यांचा गुणाकार करतं आणि घासाघीस न करता आकडा सांगतं. घराला इतकी किंमत देणारा माणूस भेटावा आणि आपण त्याला तोंड चुकवत फिरावं!

बिलावर करांची अख्खी वरात असते. सर्वसाधारण कर हा नवरदेव, मागे सफाई, मलनिस्सारण, अग्निशमन, शिक्षण आणि वृक्ष. दारातलं झाड कधीच गेलं, वृक्षकर मात्र फोफावलाय.

यंदा 'करवाढ नाही' असं जाहीर झालं आणि बिल वाढून आलं. दोन्ही खरं होतं. दर तोच, मूल्य वाढलेलं. याची उलट बाजूही आहे: सगळ्यांच्याच घरांचं मूल्य सारख्याच पटीत वाढलं आणि दर त्या प्रमाणात उतरवला, तर बिल हलत नाही. म्हणजे आपलं घर किती भारी याला फारसा अर्थ नाही, शेजाऱ्यापेक्षा किती भारी ठरवलंय ते बघायचं. हे कळल्यापासून समोरच्यांनी गॅलरीला नव्या काचा लावल्या की मला मनापासून आनंद होतो.

पूर्वी हे मोजमाप रस्त्यावरूनच व्हायचं म्हणे. इंग्लंडात १६९६ पासून १८५१ पर्यंत खिडक्या मोजून कर घेत. लोकांनी खिडक्या विटांनी बुजवल्या. मग १७८४ मध्ये विटांवरही कर बसला, तोही नगावर, तर भट्टीवाल्यांनी विटाच मोठ्या केल्या. अशा कल्पक लोकांबद्दल मला अतोनात आदर आहे.

मी हरकत घेतली. मुदतीत घेतली, हे मुद्दाम सांगतो, कारण मुदत उलटली की घर कोसळलं तरी आकडा उभा राहतो. अर्जात घराचं असं वर्णन केलं की लिहिताना माझाच गळा दाटून आला: ओल, तडे, अपुरा उजेड, कुरकुरणारी दारं. पाहणीला साहेब आले, टेप आणि वही घेऊन. मी त्यांना थेट ओलीच्या भिंतीपाशी नेलं, पोपडा नखाने उचलून दाखवला. ते मान हलवत होते, वहीत लिहीत होते. प्रकरण रंगात आलं होतं.

तेवढ्यात आतून पाण्याचा तांब्या घेऊन बायको आली. घरी आलेल्या माणसाला घर दाखवायचं, ही तिची रीत.

"इकडेही या ना साहेब," ती म्हणाली. "मागची गॅलरी आम्ही आत घेतली ना, त्याने स्वयंपाकघर कसं ऐसपैस झालंय बघा!"

साहेबांनी टेपचं टोक माझ्या हातात दिलं. "जरा धरता का काका, भिंतीला टेकवून?"