इंग्लंडचा ‘मदिना जिल्हा’ : एका फॉरवर्डची चिरफाड

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तोच मेसेज तिसऱ्यांदा आला, म्हणून लिहायला बसलो. मेसेज थोडक्यात असा: इंग्लंडमध्ये १९७४ ते १९९५ या काळात ‘मदिना’ नावाचा जिल्हा होता. राणी व्हिक्टोरियाने आपले मुन्शी अब्दुल करीम यांच्या आदराखातर तिथल्या नदीला हे नाव दिलं आणि नदीवरून ते जिल्ह्याला पडलं. पुढे ही ओळख पुसायची म्हणून सरकारने जिल्हाच रद्द केला. वर पुरावा: पंचम जॉर्ज मुंबईला ज्या बोटीने आले, तीही मदिनाच. त्याखाली एका काकांनी ठोकून दिलं, ‘साफ चूक. मूळ शब्द संस्कृत मेदिनी!’

खरं तेवढं आधी मान्य करतो. जिल्हा होता. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यालगत आइल ऑफ वाइट नावाचं बेट आहे. १ एप्रिल १९७४ पासून त्याचे दोन भाग झाले: न्यूपोर्ट, राइड आणि काउझ मिळून एक, आणि बाकीचं बेट म्हणजे साउथ वाइट. त्यातल्या पहिल्याचं नाव मेडिना, ‘डी’वर जोर देऊन. आपल्या हिशेबाने तो जिल्हाही नव्हे, फार तर तालुका; वर आपल्या जिल्ह्यासारखी काउंटी होतीच. रोमन स्पेलिंग अरबस्तानातल्या शहरासारखं दिसलं, मराठीत आणताना ‘मदिना’ झालं, आणि निम्मा घोळ तिथेच झाला.

नाव नदीवरून आलं, हेही बरोबर. १९७४ साली इंग्लंडभर जुन्या नगरपालिका एकत्र करून नवे जिल्हे केले गेले, तेव्हा नदीचं नाव घेणं ही नेहमीची रीत होती. अडर, अरुन, वेव्हनी हे सगळे त्याच वेळचे, नद्यांवरून ठेवलेले जिल्हे. (अरुन बघून आता कुणी अरुणाचल आणू नका.) दोन गावांची मोट बांधली की आपण पिंपरी-चिंचवड म्हणतो, कल्याण-डोंबिवली म्हणतो; सांगली-मिरज-कुपवाड म्हणताना धाप लागली तरी कुणाचंही नाव गाळत नाही. इंग्रजांनी अनेक ठिकाणी नदी पुढे करून तो प्रश्न मिटवला.

आता ‘नदीला नाव व्हिक्टोरियाने दिलं’ हा मेसेजचा कणा. राणीचं ऑस्बोर्न हाउस ईस्ट काउझला, नदीच्या मुखापासून जवळच. अब्दुल करीम १८८७ साली आग्र्याहून इंग्लंडला गेले, राणीला हिंदुस्तानी शिकवू लागले. त्याच वाड्यात पंजाबच्या भाई राम सिंग यांच्या कारागिरीचा दरबार हॉलही आहे. म्हणून गोष्ट पटण्यासारखी वाटते. पण नदीचं नाव ‘मेडिने’ असं ११९६ साली लिहिलेलं सापडतं. म्हणजे मुन्शी इंग्लंडला पोचण्याच्या जवळजवळ सातशे वर्षं आधी. शिवाय नदीच्या दोन बाजूंना बेटाचे जे जुने कारभाराचे भाग होते, त्यांची नावं ईस्ट मेडिन आणि वेस्ट मेडिन.

ही जोडी नीट पाहिली तर अर्थही सापडतो. नदी बेटाच्या दक्षिण टोकाकडे, सेंट कॅथरिन्स डाउन या टेकडीच्या बाजूला उगम पावते आणि सरळ उत्तरेला न्यूपोर्टवरून काउझ व ईस्ट काउझच्या मधून समुद्राला मिळते. लांबी जेमतेम १७ किलोमीटर, पण तेवढ्यात बेटाचे जवळपास दोन सारखे तुकडे करते. मुखाशी काउझहून समोर ईस्ट काउझला जायला आजही साखळीवर ओढला जाणारा तराफा आहे, पूल नाही. अशा नदीला तिथल्या लोकांनी जुन्या इंग्रजीत ‘मेडुमे’ म्हणजे ‘मधली’ म्हटलं. बस्स, इतकंच.

युरोपात अरबी ‘मदिना’वरून आलेली गावं नाहीत असं नाही. स्पेनमधलं मेदिना सिदोनिया, माल्टातलं म्दिना. तिथे अरबी बोलणाऱ्यांची सत्ता होती. मेदिना सिदोनियाच्या ड्यूकच्या हाताखालचं स्पॅनिश आरमार १५८८ साली या बेटाजवळ लढून गेलं, हा तर भलताच योगायोग! पण तेव्हाही नदीचं नाव चारशे वर्षं जुनं होतं.

काकांच्या मेदिनीचं मला जास्त वाईट वाटतं. मेदिनी म्हणजे पृथ्वी, आणि तो शब्द ‘मेद’वरून, मधु-कैटभांच्या मेदाची कथा सांगतात तो. त्याचा या नदीशी संबंध नाही. पण जुन्या इंग्रजीतला तो ‘मेडुमे’ आणि आपला ‘मध्यम’ हे मात्र खरोखर एका कुळातले, चुलत भाऊ म्हणा. कुणी कुणाकडून उसना घेतलेला नाही. संस्कृतचं नातं शोधायला निघालेले काका खऱ्या नातेवाइकाच्या दारावरून पुढे निघून गेले.

‘ओळख पुसायला जिल्हा रद्द केला’ याला एक ओळ पुरे: १ एप्रिल १९९५ ला साउथ वाइटही त्याच दिवशी रद्द झाला. सव्वा लाखाच्या आसपास वस्तीच्या बेटावर एक काउंटी कौन्सिल आणि खाली दोन जिल्हे असा पसारा होता. तो मोडून एकच आइल ऑफ वाइट कौन्सिल आली. नदीचं नाव कुणी बदललेलं नाही.

राहिली बोट. ‘मेडिना’नेच पंचम जॉर्ज आणि राणी मेरी २ डिसेंबर १९११ ला मुंबईत आले, हे खरं, गेटवे ऑफ इंडिया त्याच आगमनाची आठवण. पण ती पी अँड ओ या जहाज कंपनीच्या एका मालिकेतली होती आणि मालिकेतल्या सगळ्या बोटींची नावं ‘एम’वरून: मोल्डाव्हिया, मंगोलिया, मुलतान, माळवा. माळव्याचं नावही व्हिक्टोरियाने मुन्शींसाठी ठेवलं, असा मेसेज अजून आलेला नाही. मेडिना एप्रिल १९१७ मध्ये डेव्हनच्या किनाऱ्याजवळ जर्मन टॉर्पेडोने बुडाली. तिच्या नावाचा ‘पुरावा’ ज्या जिल्ह्यासाठी दिला जातो, तो जन्माला यायला तेव्हा अजून ५७ वर्षं होती.