आजीच्या हातात पैसे दिले तर

‘आफ्रिकेतल्या खेड्यांत अनाथ मुलांना कोणी नसतं. नातेवाइकांना पैसे दिले तर दारूत जातात. म्हणून अनाथाश्रम बांधा, शाळांना पुस्तकं पाठवा.’ हा मजकूर सध्या ग्रुपाग्रुपांत फिरतोय. पाठवणाऱ्यांची कळकळ खरी आहे, म्हणूनच हे लिहिते आहे. मी पश्चिम केनियापुरतं बोलेन.

‘कोणी नसतं’ इथेच चूक होते. युनिसेफच्या मोजणीत आई-वडिलांपैकी एक जरी गेलं तरी मूल अनाथ धरतात. 2015 साली जगात अशी सुमारे 14 कोटी मुलं होती, पण दोघंही गमावलेली त्यांतली दीड कोटीच. सियाया, होमा बे भागात एड्सने ऐन उमेदीतली माणसं नेली, तेव्हा कितीतरी नातवंडं आज्यांनीच पदराखाली घेतली.

दारूचं म्हणाल, तर जागतिक बँकेच्या दोन अभ्यासकांनी 2014 मध्ये अनेक देशांतल्या रोख मदतीची पाहणी एकत्र तपासली. पैसे मिळाले म्हणून दारू-तंबाखूवरचा खर्च वाढल्याचं दिसलं नाही. केनिया सरकार 2004 पासून अनाथ मुलं सांभाळणाऱ्या गरीब घरांना रोख मदत देतं आहे. त्या घरांतली जास्त मुलं माध्यमिक शाळेत जाऊ लागली. आजीला हिशेब कळतो हो!

अनाथाश्रमांबद्दल एवढंच: खुद्द केनियाने 2017 मध्ये नव्या बालगृहांची नोंदणी थांबवली आणि 2022 मध्ये मुलांना कुटुंबात परत नेण्याचं दहा वर्षांचं धोरण आणलं.

पुस्तकांचं मात्र मनाला लागतं. पश्चिम केनियातल्याच बुसिया भागातल्या शाळांना इंग्रजी पाठ्यपुस्तकं फुकट दिली, तर फायदा झाला तो आधीच हुशार असलेल्या मुलांना. बाकीच्यांना वाचताच येईना. घरची बोली एक, मग स्वाहिली, इंग्रजी तिसरी! त्याच बुसियात जंतांची गोळी दिली, तेव्हा त्या शाळांतली गैरहजेरी पाव हिश्शाने घटली. पोट दुखत नाही, अंगात रक्त टिकतं, मग पोर शाळेत येतं. फुकट गणवेशामुळेही मधेच शाळा सोडण्याचं प्रमाण कमी झालं. हे प्रयोग करणाऱ्या मायकल क्रेमर यांना 2019 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांच्यासोबत.

तरीही पुस्तकांचा खोका पाठवायचाच असेल, तर आधी तिथल्या मास्तरांना विचारा, पोरं घरी कोणती भाषा बोलतात.